खान्देशातली परसबाग: चैत्र ते ज्येष्ठ घरची भाजी कशी टिकवायची?

गिरणाथडी

परसबागेची यादी कोणत्याही गावात तोंडपाठ असते. शेवगा, लिंबू, कढीपत्ता, पपई, दोन-चार केळी, मोरीला अळू, कुंपणावर गिलकी नि वाल, दारात तुळस नि गवती चहा. एवढं असूनही चित्र सगळीकडे एकच. श्रावण-भाद्रपदात गिलकी वाटून संपत नाहीत आणि चैत्र लागला की मिरचीपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं आठवडे बाजारातून. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की परसबागेत जाती किती आहेत यापेक्षा मार्च ते जून या चार महिन्यांत तिच्यातून चुलीवर काय चढतं, त्यावर तिची किंमत करावी.

जागा अशी: घरामागे तीन गुंठे, म्हणजे साधारण सव्वातीन हजार चौरस फूट. घर पूर्वेला, परस पश्चिमेला उघडं. खोल काळी माती, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा. नैर्ऋत्य कोपऱ्यात जुना कडुनिंब. नळ चार दिवसांआड, शिवाय अंघोळीचं नि भांड्यांचं मिळून रोजचं १५० लीटर सांडपाणी. खाणारी माणसं पाच. कोणती झाडं कायमची लावायची, कुठे लावायची, आणि उन्हाळ्यात ताटात भाजी कशी येईल? कुंडीतल्या बागेचे सल्ले नकोत, मातीतले हवेत.

पांझराकाठ

पाण्यापासून सुरू करू, बाकी सगळं त्यावर ठरतं. १५० लीटर कमी नाही. भर उन्हाळ्यात वाढलेल्या एका केळीला रोज १८ ते २० लीटर लागतं. म्हणजे चार केळी आणि त्यांच्या पायाशी अळू एवढं मोरीवर निभतं. पाचवी लावू नका.

मोरीचं तोंड थेट आळ्यात सोडायचं नाही. आधी दीड फूट लांब-रुंद, दोन फूट खोल खड्डा घ्या. तळाला डोक्याएवढे दगड, त्यावर मुठीएवढे, मग खडी, वर चार बोटं वाळू. वाळूवर जुनी टोपली ठेवून तिच्यात वाळलेलं गवत भरायचं. खरकटं नि तेल त्या गवतात अडतं. दर पंधरा दिवसांनी ते उकिरड्यावर टाकून नवीन भरायचं. हे टाळलं की वाळूवर तेलाचा थर चढतो, पाणी तुंबतं आणि आठवड्याभरात डास होतात. खड्ड्यातून पुढे वीतभर खोल चारी काढून ती केळीच्या ओळीतून फिरवा.

केळी पाच-पाच फुटांवर. एका जागी तीनच खोडं: घड धरलेलं, अर्धं वाढलेलं आणि एक पिल्लू. पिल्लू ठेवताना तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं असलेलं ठेवा. रुंद पानांचं पिल्लू दिसायला गुबगुबीत असतं, पण त्याचा कंद दुबळा असतो.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाला धरून: कच्ची केळी, केळफूल आणि खोडाचा गाभा, तिन्ही भाज्या उन्हाळ्यातही मिळतात. केळीकडे नुसतं फळ म्हणून बघू नका.

यावल_रावेर

पांझराकाठ यांचं पाण्याचं गणित बरोबर. पण केळीशेजारी गिलकी, काकडी, गंगाफळ (लाल भोपळा) यांचा मांडव घालणार असाल तर थांबा. केळीवरचा हरण्या रोग, म्हणजे काकडीवरचाच मोझॅक विषाणू. तो मावा किडीवाटे येतो आणि काकडीवर्गीय वेल, मिरची, टोमॅटो, शिवाय केना नावाचं तण यांच्यावर मुक्काम करतो. ढगाळ हवा नि भुरभुर पाऊस असला, म्हणजे जुलै-ऑगस्टात, भराभर पसरतो. पानावर पिवळसर तुटक पट्टे, पानाची कड लहरी, पुढे पोंगा, म्हणजे मधली नव्या पानांची गुंडाळी, सडतो. उपाय नाही. झाड कंदासकट काढून दूर पुरायचं, बस.

शिवारात केळीचे मळे असतील तर परसातलं रोगट झाड गावाला महागात पडतं. माझा सल्ला, केळी नकोच.

पांझराकाठ

@यावल_रावेर, धोका खरा आहे, पण चार झाडांसाठी केळी वर्ज्य करणं मला पटत नाही. रोग आत येतो तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी मळ्यातून फुकट आणलेल्या पिल्लांबरोबर. ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चरची) रोपं घ्या, केना उपटत राहा, वेलांचा मांडव परसाच्या दुसऱ्या टोकाला घाला. आणि लावल्यापासून तीन-चार महिने दर आठवड्याला पोंग्यातली नवी पानं उजेडात धरून बघा. पहिला पट्टा दिसला की त्याच दिवशी झाड बाहेर.

यावल_रावेर

एवढी नजर ठेवणार असाल तर माझी हरकत नाही. फक्त कुऱ्हाड किंवा विळा एका झाडाला लावून तोच दुसऱ्याला लावू नका, आधी धुवा.

काळी_माती

कपड्यांचं पाणी यात मिसळतंय का, ते गिरणाथडींनी लिहिलं नाही. मिसळत असेल तर वेगळं काढा. धुण्याच्या सोड्यात सोडियम असतं, आणि आपली काळी माती आधीच विम्लतेकडे (अल्कधर्मी होण्याकडे) झुकलेली. सोडियम वाढलं की मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वर चिकट पापुद्रा येतो. ओळखायची खूण सोपी: पाणी दिल्यावर तासभर तसंच साचून राहिलं आणि सुकल्यावर कडेला पांढुरका थर दिसला, की समजायचं. याचा पहिला फटका लिंबू नि वालाला बसतो. कर्दळ त्यातल्या त्यात सहन करते. अशा जागी जिप्सम मिसळून वर चांगल्या पाण्याचा निचरा करावा लागतो. नुसतं शेणखत टाकून सोडियम जात नाही.

भेगांबद्दल. काळ्या मातीत भेग पडली की बारीक मुळं तुटतात आणि ओल खोलवरून उडते. माघ संपण्याआधी वरची दोन बोटं माती खुरप्याने मोकळी करा आणि त्यावर चार बोटं आच्छादन टाका. केळीची वाळकी पानं, उडदा-मुगाचं कुटार, उसाचं पाचट, काहीही चालेल. पऱ्हाट्या तशाच टाकू नका, वाळवी लागते.

पालेभाज्यांच्या वाफ्यात मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरा. आठ-दहा लीटरचं, आतून-बाहेरून कसलाही लेप नसलेलं मडकं, तोंडावर झाकण. एका मडक्याभोवती वीतभर अंतरावर चार वेल किंवा वांगी-मिरचीची रोपं पोसतात. नळ चार दिवसांआड येतो ना, त्याच दिवशी भरायचं. दोन हंगामांनी मडक्याची छिद्रं क्षारांनी बुजतात. मग काढून काथ्याने घासा, तरीही झिरपत नसेल तर बदला.

अळूवडी

अळूबद्दल एक ओळ. घशाला खाज येते ती त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. चिंच किंवा अंबाडी घालून पुरतं शिजवलं की त्रास जातो. पाण्याच्या ताणावर वाढलेला, जून पानांचा अळू जास्त खाजतो, म्हणून कोवळी पानं काढत राहा.

उन्हाची_तिरीप

सावलीच्या जागेबद्दल बहुतेक लोक चुकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

"नैर्ऋत्येला मोठं झाड म्हणजे दुपारची सावली" हे हिवाळ्यात खरं असतं. जळगाव-धुळे २१ अक्षांशाच्या आसपास आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य थोडा उत्तरेलाच असतो, आणि मे-जूनमध्ये मावळतो तोही पश्चिमेच्या उत्तरेला सरकून. म्हणजे ज्या महिन्यांत सावली हवी, त्या महिन्यांत दुपारचं भाजणारं ऊन पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतं. नैर्ऋत्येच्या कडुनिंबाची सावली तेव्हा परसाच्या दक्षिण कडेवर, काही कुंपणाबाहेरही पडते. डिसेंबरात मात्र तीच सावली परसाच्या मध्यापर्यंत येते आणि मेथी, वांगी, टोमॅटो यांचं ऊन अडवते.

म्हणून कडुनिंब तोडू नका, पण त्याची उत्तरेकडची खालची फांद काढा आणि त्याच्या पंधरा फुटांत भाजीचा वाफा ठेवू नका, मुळं पाणी ओढतात. पश्चिम नि वायव्य कडेला शेवग्याची ओळ लावा. ती उभी राहीपर्यंत पहिल्या वर्षी शेवरी लावा. केळीच्या बागांना वाऱ्यासाठी लावतात तीच. पाच-सहा महिन्यांत डोक्याच्या वर जाते, पाला शेळ्यांना, काड्या मांडवाला.

गिरणाथडी

@उन्हाची_तिरीप, ही गोष्ट नीट लक्षात आली नव्हती. कडुनिंबाच्या भरवशावर दक्षिण अर्ध्यात वाफे आखले होते, ते आता हलवतो.

@काळी_माती, कपडे वेगळ्या दगडावर धुतले जातात, ते पाणी बाहेर जातं.

लिंबोणी

शेवगा लावताना फांदी की बी? बियांचं झाड सहा-आठ महिन्यांत शेंगेवर येतं. पीकेएम-१ किंवा कोकण रुचिरा या जाती घ्या. पण शेजारच्या जुन्या झाडाची शेंग आवडत असेल तर फांदीच लावा, कारण बियाणं तसंच निघेल याचा भरवसा नाही. मनगटाएवढी जाड, चार-पाच फूट लांब फांदी कापून दोन-तीन दिवस सावलीत आडवी ठेवायची, कापाचा चीक वाळला पाहिजे. मग हातभर उंच मातीच्या ढिगावर, एक-दीड फूट आत गाडायची. सपाट काळ्या मातीत लावली की पहिल्याच मोठ्या पावसात बूड कुजतं. शेवग्याची निम्मी मर तिथेच होते.

रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडा. दर वर्षी शेंगा संपल्या की तीन-चार फुटांवर छाटणी. आळस केला की झाड वीस फूट जातं, शेंग हाताला येत नाही आणि वळवाच्या वाऱ्यात फांदी पडते. लाकूड फार ठिसूळ, मुलांना चढू देऊ नका. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. अंगाला लागल्या तर गांधी उठतात. पहाटे पुंजका एकत्र असतो तेव्हाच लांब काठीच्या टेंभ्याने जाळा.

लिंबू: बुंध्याला पाणी लागता कामा नये. बुंध्याभोवती मातीची भर, आणि तिच्या बाहेर, फांद्यांच्या घेराखाली पाण्याचं आळं. याला दुहेरी आळं म्हणतात. हे केलं नाही तर काळ्या मातीत डिंक्या होतो, सालीतून डिंक गळतो, झाड एका बाजूने वाळतं. पावसाळ्याआधी आणि नंतर गुडघ्याच्या वरपर्यंत बोर्डोची पेस्ट लावा: मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या लीटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र. मोरचूद लोखंडी भांड्यात घेऊ नका. वाण घ्यायचा तर राहुरी विद्यापीठाचा साई सरबती किंवा फुले सरबती.

कढीपत्त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोहाची कमतरता. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम, एक लीटर पाणी, अर्ध्या लिंबाचा रस, गाळून संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी परत. ताक ओतायची पद्धत आहे, ती वाईट नाही, पण पिवळेपणा घालवायला ती एकटी पुरत नाही.

नवी_नवरी

वाल पावसाळाभर मांडवावर नुसता माजलाय, फूल एक नाही. शेण कमी पडतंय का?

शेंगामाय

ताई, शेण कमी नाही, दिवस मोठे आहेत. आपला गावरान वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, फूल दसरा-दिवाळीच्या सुमारासच. आता खत घालाल तर आणखी पाला वाढेल. शेंडे खुडा, वेल मांडवावर पसरवा आणि वाट बघा. दिवाळीनंतर माघापर्यंत शेंगा येतील. जून शेंगा वेलावरच वाळू द्या. त्या दाण्यांची उसळ उन्हाळ्यात कामाला येते, म्हणजे गिरणाथडींच्या मूळ प्रश्नालाही उत्तर मिळालं.

अंबाडीचंही हेच तत्त्व, पण आपल्या फायद्याचं. ती दिवस लहान झाल्यावर फुलते आणि फुलली की पानं राठ होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरली तर उन्हाळाभर मोठे दिवस असल्याने पानावरच राहते. वीतभर ठेवून वरून कापत गेलं की फुटत राहते. अंबाडीची भाजी नि कळण्याची भाकरी, वैशाखात यापेक्षा बरं जेवण नाही.

नवी_नवरी

धन्यवाद अक्का! उद्या सासूबाईंना हे वाचून दाखवते.

मांडवाखाली

वेलांचा मुद्दा कुणी उघडला नाही अजून. "फुलं येतात, फळ धरत नाही, कोवळं फळ पिवळं होऊन गळतं" ही तक्रार बहुतेक वेळा परागीभवनाची असते, खताची नाही.

वेलाला आधी नर फुलं येतात, मागून मादी. मादी फुलाच्या देठाशी नखाएवढं फळ आधीच दिसतं. माश्या फिरकल्या नाहीत तर ते काम हाताने करावं लागतं, आणि इथे वेळ महत्त्वाची. गंगाफळ पहाटे उमलतं, आठ-नऊपर्यंत परागकण ताजे असतात, मग मिटतं. गिलकं पहाटे ते सकाळ. कारलं सकाळी. पण दोडका आणि दुधी संध्याकाळी पाचनंतर उमलतात! सकाळी दोडक्याचं फूल हातात घेऊन काही उपयोग नाही. गंगाफळाचं नुकतं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडून काढा, मधली पिवळी दांडी बोटाला लावून बघा. बोटावर हळदीसारखी भुकटी आली पाहिजे. ती दांडी मादी फुलातल्या चिकट, दुभंगलेल्या गाठीवर हळूच सगळीकडून टेकवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. तीन दिवसांत फळाचा देठ खाली वळून जाड झाला की धरलं.

फळ धरून मग वाकडं होत असेल, आत अळ्या असतील, तर फळमाशी. वेलवर्गाला क्यू ल्यूर या गंधाचा सापळा लागतो. पेरू-आंब्याचा मिथाइल युजेनॉलचा सापळा इथे चालत नाही, आणि दुकानात बऱ्याचदा तोच हातात देतात. गळलेली फळं उकिरड्यावर टाकू नका, त्यातूनच पुढची पिढी निघते. बादलीभर पाण्यात आठवडाभर बुडवून मग पुरा. कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधली तर सापळ्याचीही गरज उरत नाही.

दोडकेवाला

दोडका रानातल्या कडू दोडक्याजवळ लावला की कडू होतो, म्हणून लांब लावावा.

मांडवाखाली

@दोडकेवाला, या वर्षीचं फळ त्याने कडू होत नाही. फळाचा गर आईच्या वेलाचा असतो. कडू पराग पडला तर फरक बियांत जातो आणि पुढच्या वर्षी त्या बियांचा वेल कडू फळ देतो. म्हणजे लांब लावायचं ते बियाण्यासाठी.

आणि कडू दुधीबद्दल कळकळीने सांगतो. देठाकडचा नखभर तुकडा जिभेला लावून पाहा, कडू लागला की थुंका आणि सगळा दुधी फेकून द्या. त्यातलं कुकरबिटासिन शिजवून जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. "कडू ते औषधी" हे इथे लावू नका.

सातपुडा_पायथा

कुंपणाबद्दल. शेळी तोंड लावत नाही अशी झुडपं कडेला हवीत: अडुळसा, निर्गुडी, मधे मेंदी. अडुळसा नि निर्गुडीच्या फांद्या मृग लागताच खोचल्या तरी जगतात. करवंद चालतं पण वाढायला वेळ घेतं. मोगली एरंड मात्र लावू नका. कुंपण झटपट होतं हे खरं, पण त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या चवीच्या लागतात आणि मुलं खातात, मग उलट्या-जुलाब होऊन दवाखाना गाठावा लागतो. कण्हेरही मुलांच्या नि वासरांच्या तोंडाच्या टप्प्यात नको. अडुळशाचा काढा घरोघरी होतो, पण गरोदर बाईला देऊ नये.

कुंपणावर चढवायला कटुर्ले (करटोली) घ्या. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या बाजारात पावसाळ्यात चढ्या भावाने विकले जातात. याचे नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे. रानातून एकच कंद आणून लावला आणि फळ नाही म्हणून उपटला, असं नेहमी होतं. आठ-दहा मादी वेलांत एक नर पुरतो. पावसाळ्यात फुलावर असताना रानात खूण करून ठेवा: फुलामागे काटेरी गाठ ती मादी. वेल वाळले की कंद काढा, सगळे काढू नका. हिवाळ्यात वेल वाळतो तेव्हा मेला समजून तिथे खणू नका, मृगाच्या पावसाला कंद फुटतो.

आखाजी

आखाजीले गंगाफय लावा, कानबाईले भाजी व्हई.

गिरणाथडी

@आखाजी, भाऊ एवढ्यावर सोडू नका, कसं लावायचं ते सांगा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ४३-४४ अंश असतं.

बियाण्याची_उतरंड

आखाजी भाऊंच्या आधी मी बियाण्याचं लिहून घेते, कारण गंगाफळाचं बी चांगलं नसेल तर आखाजी फुकट.

गंगाफळाचं बी पूर्ण पिकलेल्या, नख न रुतणाऱ्या फळातून घ्या. फळ तोडून महिनाभर तसंच ठेवलं की आत बी भरतं. धुऊन, पाण्यात तरंगणारं टाकून, सावलीत वाळवा. राखेत घोळवून मडक्यात. शेणाच्या गोवरीत बिया थापून भिंतीला लावायची जुनी रीतही चांगली, उंदीर लागत नाही.

वाल, चवळी, तूर यांना भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच अंड्यांच्या रूपाने येतो. म्हणून आधी कडक ऊन, दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग किलोला चमचाभर एरंडेल हाताने चोळून हवाबंद डब्यात.

भरीताचं वांगं: जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून कोणतंही हिरवं मोठं वांगं त्या नावाने विकलं जातं. घरचं बी धरायचं तर ज्या झाडाचं वांगं भाजल्यावर गर जास्त आणि बी कमी, त्याच झाडाच्या दोन-तीन कळ्या उमलायच्या आधी मलमलच्या पिशवीत बांधा. वांगं स्वतःच्या परागाने धरतं, पण माश्या परका पराग आणतात. फळ धरल्यावर पिशवी काढून दोरा बांधा, पिवळं पडेपर्यंत तोडू नका. शेंडा मलूल होऊन झुकला की आत अळी आहे. मलूल भागाखाली दोन बोटं कापून जाळा, फवारणी नंतरची गोष्ट.

मात्र उन्हाळ्यात भरीताचा आग्रह धरू नका. तापमान चढलं की वांगं कडवट नि बियांनी भरलेलं होतं. फाल्गुनात झाड फूटभर ठेवून छाटा, शेणखत द्या, पावसाळ्याच्या तोंडाशी परत येईल.

पोषणताई

उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या परसबाग मोहिमेत गोल वाफ्यांची रचना गावोगावी झाली, ती पालेभाज्यांसाठी चांगली आहे. मधोमध उभं राहून सगळीकडे हात पोचतो. तीन गुंठ्यांत अशी एकच पुरे. सगळे वाफे एकदम पेरू नका, दर आठवड्याला एक. एकदम पेरलं की तांदुळजा एकाच वेळी तयार होतो आणि नंतर महिनाभर काही नाही.

उन्हाळ्यासाठी वाफ्यात तांदुळजा, राजगिरा, चिवळ, अंबाडी. तांदुळज्याचं बी फार बारीक. दहा फुटी वाफ्याला चमचाभर बी चार ओंजळी वाळूत मिसळून फेका, वर बोटाने चाळवा, गाडू नका. पंचवीस-तीस दिवसांनी पहिली कापणी, मग दर बारा-पंधरा दिवसांनी. मेथी नि पालक मार्चनंतर सोडून द्या, लगेच फुलावर येतात. कोथिंबीर हवीच असेल तर शेवग्याच्या विरळ सावलीत.

गवार फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरा. हिचं मूळ खोल जातं, पाणी कमीच द्या. जास्त पाण्याने नुसती पानावर जाते. भेंडी जानेवारी अखेर ते फेब्रुवारी. बी रात्रभर भिजवल्याशिवाय थंड मातीत लवकर उगवत नाही. मिरचीची पानं खाली वाटीसारखी वळली तर कोळी, वर होडीसारखी वळली तर फुलकिडे. दोन्हींना एकच औषध मारू नका.

लिंबोणी

पोषणताईंच्या यादीत कच्ची पपई जोडा. एका खड्ड्यात तीन रोपं लावा. फुलं आली की लोंबत्या घोसांची नर झाडं काढा, दहा-पंधरा झाडांमागे एक नर पुरतो. तैवानच्या रेड लेडी ७८६ ला हे लागत नाही, तिच्यात नुसती नर झाडं नसतात. पण तिच्या फळातलं बी परत लावू नका, संकरित आहे. आणि पपईलाही लिंबासारखीच बुंध्याला भर.

आखाजी

आता सविस्तर लिहितो. कानबाई या खान्देशातल्या देवीच्या रोटाला (नैवेद्याच्या जेवणाला) चण्याच्या डाळीत गंगाफळाची भाजी लागते. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी. आखाजीपासून तोपर्यंत साधारण शंभर दिवस, आणि गावरान गंगाफळाला पेरणीपासून तेवढेच लागतात.

खड्डा दीड फूट लांब-रुंद, फूटभर खोल. आखाजीच्या पंधरा दिवस आधीच खणून ऊन खाऊ द्या. दोन टोपल्या कुजलेलं शेणखत, ओंजळभर राख, मातीत मिसळून भरा. कच्चं शेण घातलं तर हुमणी नि वाळवी. मधोमध एक मडकं, काळी_माती यांनी सांगितलं तसं. आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवा. बी रात्रभर भिजवून चार ठिकाणी, बोटाच्या एका पेराएवढं खोल. वर पश्चिमेकडून तुराट्यांची तिरकी झोपडी, ऊनही अडतं नि कोंबड्याही. चार पानांवर आलं की दोनच वेल ठेवा.

मे महिन्यात नुसती नर फुलं येतील, घाबरू नका. कडक उन्हात आणि मोठ्या दिवसांत मादी फुलं कमीच. आठ-दहा पानांवर शेंडा खुडला की बगलेच्या फांद्या फुटतात, मादी फुलं त्यांवर जास्त येतात. जूनच्या मध्यावर पहिला पाऊस पडून हवा उतरली की फळ धरतं. पावसाच्या दिवशी फुलात पाणी जाऊन पराग वाया जातो, तेव्हा मांडवाखाली भाऊंनी सांगितलेलं हाताचं काम करा. धरल्यापासून चाळीस-पन्नास दिवसांत फळ तयार. खाली विटेचा तुकडा ठेवा, ओल्या मातीला टेकलेलं फळ बुडातून सडतं.

गिरणाथडी

सगळं वाचून आखणी बदलली. वायव्य नि पश्चिम कडेला शेवग्याची पाच झाडं ढिगावर, मधे पहिल्या वर्षी शेवरी. मोरीला चार केळी नि अळू, ऊतीसंवर्धित रोपं. मांडव परसाच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण कडेला. गोल वाफा उत्तर अर्ध्यात, म्हणजे हिवाळ्यात कडुनिंबाच्या सावलीबाहेर. एकच शंका: मार्चमध्ये तोडलेलं गंगाफळ मेपर्यंत टिकवायचं असेल तर?

बियाण्याची_उतरंड

देठ चार बोटं ठेवून तोडा, देठाला धरून उचलू नका. देठ निखळला की तिथूनच कुज सुरू होते. तोडल्यावर आठवडाभर सावलीत वाऱ्याला ठेवून साल कडक होऊ द्या. मग फळीवर पेंढा घालून, एकमेकांना न टेकता मांडा, माळ्यावर नको, पत्र्याखाली तापतं. पंधरवड्याला एकदा उलटून बुडाला बोट दाबून पाहा. मऊ लागलं ते त्याच दिवशी चुलीवर.